घटक ४ : बिरसा मुंडा – भूमीचा हक्क आणि पुराव्याचा प्रश्न

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• बिरसा मुंडा यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• मुंडा समाजाची खुंटकट्टी भूव्यवस्था आणि ब्रिटिश कायदा यांतील विरोध स्पष्ट करता येईल.
• छोटानागपूर कुळकायदा, १९०८ याची पार्श्वभूमी आणि मर्यादा विशद करता येतील.
• जमिनीच्या हक्काचा पुरावा कशाला म्हणावे, या प्रश्नाचे महत्त्व सांगता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. चरित्रनायकाचे जीवन त्याच्या काळाशी जोडून पाहणे हे चरित्रकाराचे काम असते, हे तुमच्या लक्षात आले असेलच. या घटकात आपण अवघ्या २४ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या एका पुरुषाचे चरित्र अभ्यासणार आहोत. बिरसा मुंडा हे नाव तुम्ही ऐकलेले आहे. त्यांच्या नावाच्या संस्था आहेत, चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत आणि त्यांच्या जयंतीला शासकीय कार्यक्रम होतात. परंतु ते कशासाठी लढले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘इंग्रजांविरुद्ध’ एवढ्यावरच थांबते. ते उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

बिरसांच्या लढ्याच्या मुळाशी जमीन होती. जमिनीच्या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न होता : ही जमीन आपली आहे हे सिद्ध करायचे कसे आणि कोणापुढे? ज्यांच्याकडे कागद होता त्यांचा हक्क न्यायालयाने ओळखला. ज्यांच्याकडे पूर्वजांच्या समाधीवरील शिळा होत्या त्यांचा हक्क मात्र त्या न्यायालयाला वाचताच आला नाही. हे सूत्र मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

येथे साधनांविषयीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिरसांच्या काळातील जी लिखित माहिती आज उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग पोलीस, महसूल अधिकारी आणि मिशनरी यांनी लिहिलेला आहे. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ते उभे राहिले, त्यांच्याच दप्तरांतून त्यांचे चरित्र उभे करावे लागते. दुसरी बाजू मुंडारी लोकगीतांत आणि लोकस्मृतीत आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ खुंटकट्टी : गाव कोणाचे?

छोटानागपूरचे पठार आज प्रामुख्याने झारखंड राज्यात येते. सालवृक्षांची जंगले, टेकड्या आणि त्यांच्या उतारांवर बांध घालून तयार केलेली भातखाचरे हे या प्रदेशाचे रूप. मुंडा, उराँव, हो, खडिया हे तेथील प्रमुख आदिवासी समाज. मुंडांची भाषा मुंडारी. ती ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुलाच्या मुंडा शाखेत मोडते. महाराष्ट्रात मेळघाटात बोलली जाणारी कोरकू ही भाषाही याच शाखेची. त्यामुळे भाषिक नात्याने पाहता छोटानागपूर मराठी मुलखापासून वाटते तितके दूर नाही.

मुंडांच्या परंपरेनुसार ज्या कुळाच्या पूर्वजांनी प्रथम जंगल तोडून गाव वसविले, त्या कुळाची गावावर सामाईक मालकी असे. शेते, पडीक जमीन, जंगल, पाणवठे हे सारे त्यात आले. या व्यवस्थेला ‘खुंटकट्टी’ म्हणतात. ‘खुंट’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ जमिनीत रोवलेले लाकूड. छोटानागपुरात तो कुळाच्या शाखेसाठी वापरला जातो. गाव वसविणाऱ्यांचे वंशज ते खुंटकट्टीदार. गावाच्या प्रमुखाला ‘मुंडा’ आणि गावांच्या समूहाच्या प्रमुखाला ‘मानकी’ म्हणत. ‘पाहान’ गावाचे धार्मिक विधी पाही. हे प्रमुख गावाचे मालक नव्हते. ते समान वंशजांतील पहिले होते, इतकेच.

या हक्काचा पुरावा कोणता? प्रत्येक कुळाचे ‘सासन’ असे. सासन म्हणजे कुळाच्या मृतांच्या अस्थी जेथे ठेवल्या जातात ती जागा. तेथे मोठमोठ्या सपाट शिळा मांडलेल्या असतात. या शिळांना ‘सासनदिरी’ म्हणतात. मुंडारीत ‘दिरी’ म्हणजे दगड. ज्या गावात कुळाची सासनदिरी, ते गाव त्या कुळाचे. शिळांची संख्या जितकी अधिक, तितक्या अधिक पिढ्या त्या भूमीत विसावलेल्या. मुंडांच्या दृष्टीने हाच त्यांचा पट्टा होता. त्यावर अक्षर नव्हते. पण आजूबाजूच्या सर्व गावांना तो वाचता येत होता.

४.२.२ कागदाचे राज्य

१७६५ मध्ये बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि छोटानागपूर तिच्या अमलाखाली येऊ लागले. या प्रदेशाचा नागवंशी राजा पूर्वी मुंडांच्या गावांकडून मर्यादित नजराणा घेत असे. कंपनीच्या महसूलव्यवस्थेत मात्र राजा हा जमीनदार ठरला आणि गावकरी त्याची रयत ठरली. राजघराण्याने आपल्या सेवकांना, सावकारांना, व्यापाऱ्यांना गावेच्या गावे जहागिरीने आणि ठेक्याने दिली. हे जहागीरदार व ठिकेदार बहुधा बाहेरून आलेले. मुंडारीत अशा परक्यांना ‘दिकू’ म्हणत. त्यांच्या हाती लेखी सनद होती. खंड वाढला. ‘बेठबेगारी’, म्हणजे मालकाच्या शेतावर सक्तीने आणि विनामोबदला राबणे, हा नियम झाला. खंड थकला की जमीन जाई. तक्रार नेली तर न्यायालयाची भाषा मुंडारी नसे आणि पुरावा म्हणून कागद मागितला जाई.

१८३१–३२ च्या कोल उठावाने हा असंतोष प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रकट केला. त्यानंतर प्रशासनाची रचना बदलली, पण जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. १८६९ मध्ये सरकारने छोटानागपूरसाठी भूधारणेचा कायदा केला. मूळ वसाहतकारांची ‘भुईहारी’ शेते आणि जमीनदाराची खास शेते यांची वेगवेगळी नोंद करणे हा त्याचा हेतू. हे काम १८८० पर्यंत चालले. हेतू चांगला होता, पण त्यात एक मूलभूत विसंगती होती. कायदा विचारत होता की गावातील कोणती शेते तुमची? मुंडांचे म्हणणे असे की शेते, पडीक आणि जंगल यांसह संपूर्ण गावच आमचे. ज्या नोंदवहीत शेतापुरताच रकाना होता, तिच्यात गाव मावणार कसे? पडीक जमीन व जंगल नोंदीबाहेर राहिले आणि नोंदीबाहेर राहिलेले जमीनदाराचे मानले गेले.

येथे मराठीतील एका शब्दाचा विचार करा. ‘कूळ’ या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, वंश, आणि दुसरा, दुसऱ्याची जमीन कसणारा. मुंडांचा दावा पहिल्या अर्थाचा होता. आम्ही या भूमीचे वंशज, म्हणून भूमी आमची, असे ते सांगत होते. कायद्याने त्यांना दुसऱ्या अर्थाचे कूळ केले. एका शब्दाचे दोन अर्थ कोशात शेजारी शेजारी नांदू शकतात. जमिनीवर तसे होत नाही. एक अर्थ दुसऱ्याला हुसकावून लावतो.

या अन्यायाविरुद्ध मुंडांमधील ‘सरदार’ म्हणविणाऱ्या पुढाऱ्यांनी सुमारे १८५८ पासून जवळजवळ चार दशके सनदशीर लढा दिला. त्याला ‘सरदारी लढाई’ किंवा ‘मुलकी लढाई’ म्हणतात. त्यांनी वकील दिले, वर्गणी गोळा केली, आयुक्तांपासून वरिष्ठ सरकारपर्यंत अर्ज केले. अनेकांनी मिशनऱ्यांचा आधार मिळेल या आशेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हाती काहीच आले नाही. बिरसांच्या उठावापूर्वी चाळीस वर्षांची अर्जविनंती होती, ही गोष्ट त्यांचे मूल्यमापन करताना विसरता येणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) खुंटकट्टी व्यवस्थेत गावाची मालकी कोणाकडे असे?
(आ) सासनदिरी म्हणजे काय? मुंडा समाज तिला पट्टा का मानत असे?
(इ) १८६९ च्या कायद्यातील विसंगती तुमच्या शब्दांत लिहा.

४.२.३ बालपण आणि शिक्षण

बिरसांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७५ रोजी झाला, असे आज सर्वत्र मानले जाते. आजच्या खुंटी जिल्ह्यातील उलिहातू हे त्यांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. वडिलांचे नाव सुगाना मुंडा आणि आईचे करमी. घरची स्वतःची शेती पुरेशी नव्हती. मजुरीच्या व खंडाच्या शेतीच्या शोधात हे कुटुंब गावोगाव फिरले आणि पुढे चलकद येथे राहिले. ज्यांच्या पूर्वजांनी गावे वसविली त्यांच्या वंशजांना कामासाठी भटकावे लागत होते. बिरसांच्या घरातच त्या काळाचा इतिहास घडत होता.

लहानपणी बिरसा काही काळ आजोळी आयुभातू येथे राहिले. मेंढ्या राखणे, बासरी वाजविणे, जंगलात हिंडणे हा त्यांचा दिनक्रम असल्याचे सांगितले जाते. सालगा येथील शाळेत त्यांना अक्षरओळख झाली. त्यानंतर बुर्जू येथील मिशनच्या शाळेत आणि पुढे १८८६ ते १८९० या काळात चाईबासा येथील जर्मन मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यामुळे बिरसांचाही बाप्तिस्मा झाला.

याच काळात सरदार आणि मिशन यांचे संबंध ताणले गेले. मिशनऱ्यांनी जमिनीच्या मागणीची पाठराखण करण्याचे नाकारले आणि सरदारांची त्यांच्यावरील श्रद्धा उडाली. १८९० च्या सुमारास बिरसांनी शाळा सोडली. कुटुंबही मिशनपासून दूर झाले. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी बंदगाव येथे आनंद पांडे या वैष्णव गृहस्थांच्या सहवासात घालविली. तेथे त्यांना हिंदू पुराणकथांचा व वैष्णव आचारांचा परिचय झाला. मुंडांचा मूळ धर्म, ख्रिस्ती शिकवण आणि वैष्णव आचार या तिन्ही प्रवाहांचा संस्कार त्यांच्या पुढील उपदेशावर दिसतो.

१८७८ च्या वन अधिनियमाचा अंमल याच सुमारास छोटानागपुरात जाणवू लागला. गावाभोवतालचे जंगल संरक्षित म्हणून जाहीर झाले. लाकूड, चराई, मध, कंदमुळे या रोजच्या गरजा परवानगीच्या आणि कराच्या विषय झाल्या. १८९३–९४ मध्ये या निर्बंधांविरुद्ध रयतेने जी हालचाल केली, तीत बिरसा सहभागी झाले. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ असा वनहक्काच्या मागणीतून झाला.

४.२.४ धरती आबा

१८९५ मध्ये चलकद येथे बिरसांची कीर्ती एकाएकी पसरली. त्यांना ईश्वरी साक्षात्कार झाला, ते रोग बरे करतात, अशी लोकांची श्रद्धा बसली. दूरदूरच्या गावांतून मुंडा, उराँव, खडिया स्त्रीपुरुष चलकदची वाट चालू लागले. सिंगबोंगा या एकाच देवाची उपासना करावी, भुताखेतांना बळी देऊ नयेत, दारू सोडावी, स्वच्छ राहावे, जानवे धारण करावे, असा त्यांचा उपदेश होता. लोक त्यांना ‘धरती आबा’ म्हणजे पृथ्वीचा पिता म्हणू लागले. या संबोधनातच भूमी आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

हा केवळ धर्मसुधारणेचा उपक्रम होता काय? तसे म्हणता येणार नाही. हताश झालेल्या सरदारांनी बिरसांमध्ये नवा नेता पाहिला. राणीचे राज्य संपून मुंडांचे राज्य येणार, खंड द्यावा लागणार नाही, असा आशय त्यांच्या शिकवणीत मिसळला. सरकारला धोका जाणवला. २४ ऑगस्ट १८९५ च्या रात्री पोलिसांनी बिरसांना चलकद येथे झोपेत असताना पकडले. त्यांना दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि हजारीबागच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

१८९७ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली, तेव्हा छोटानागपूर नुकतेच दुष्काळातून गेले होते. बिरसांनी पुन्हा लोकांना एकत्र आणले. १८९८ मध्ये ते अनुयायांसह चुटिया आणि जगन्नाथपूर येथील मंदिरांत गेले. आपल्या पूर्वजांशी या स्थळांचे नाते आहे, असे मुंडा मानत होते. या यात्रांकडे आपण काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. आपण येथील मूळचे आहोत याच्या खुणा शोधणे आणि त्या लोकांना दाखविणे हा त्यांचा अर्थ होता. ज्या साक्षीला न्यायालयात स्थान नव्हते, ती बिरसा लोकांपुढे नेत होते.

४.२.५ उलगुलान

१८९८ व १८९९ या वर्षांत डोंबारी टेकडीवर आणि अन्यत्र रात्रीच्या सभा झाल्या. हळूहळू मार्ग बदलला. अर्जांनी व प्रार्थनेने काही होत नाही, आता धनुष्यबाण उचलला पाहिजे, हा निर्णय झाला. या उठावाला मुंडारीत ‘उलगुलान’ म्हणतात. त्याचा अर्थ मोठी खळबळ, सर्वत्र उसळलेला कल्लोळ.

२४ डिसेंबर १८९९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, रांची आणि सिंहभूम भागांत अनेक ठिकाणी चर्च, मिशनची ठाणी आणि घरे यांवर बाण सुटले, आगी लावल्या गेल्या. या हल्ल्यांची झळ ख्रिस्ती झालेल्या मुंडांनाही बसली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस शिपाई मारले गेले आणि ७ जानेवारी १९०० रोजी खुंटीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. चरित्राचा अभ्यास करताना ही बाजू झाकून ठेवू नये. तिचे समर्थन करणे वेगळे आणि ती कोणत्या कोंडीतून जन्मली हे समजून घेणे वेगळे.

९ जानेवारी १९०० रोजी डोंबारीजवळील सैल रकब टेकडीवर जमलेल्या मुंडांना सैन्याने वेढले. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण, गोफणी आणि दगड. गोळीबारात अनेक जण मारले गेले. त्यांत स्त्रियाही होत्या. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकस्मृतीतील आकडा यांत फार मोठे अंतर आहे. येथेही प्रश्न तोच : कोणाची नोंद खरी मानायची?

बिरसा निसटले. सरकारने त्यांच्यावर ५०० रुपयांचे बक्षीस लावले. ३ फेब्रुवारी १९०० रोजी जंगलात त्यांना पकडण्यात आले. शेकडो अनुयायांवर खटले भरले गेले. अनेकांना फाशी, काळे पाणी, कारावास अशा शिक्षा झाल्या. काही जण निकाल लागण्यापूर्वीच तुरुंगात वारले. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात बिरसांचाही मृत्यू झाला. सरकारी नोंदीत मृत्यूचे कारण पटकी असे आहे. त्यावर मुंडांचा विश्वास बसला नाही. रांचीतील कोकर येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. भूमीतील शिळांच्या आधारे हक्क सांगणाऱ्या समाजाच्या नेत्याला स्वतःच्या कुळाच्या सासनात विसावा मिळाला नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) बिरसांच्या उपदेशावर कोणकोणत्या धर्मपरंपरांचा संस्कार दिसतो?
(आ) १८९८ मधील यात्रांचा जमिनीच्या प्रश्नाशी कोणता संबंध आहे?
(इ) ‘उलगुलान’ या शब्दाचा अर्थ लिहा.

४.२.६ मृत्यूनंतर झालेला कायदा

उठाव दडपला गेला; परंतु त्याचे कारण दडपता येत नाही, हे सरकारच्या लक्षात आले. १९०२ ते १९१० या काळात रांची जिल्ह्याची सविस्तर मोजणी व हक्कनोंद झाली. १९०३ च्या दुरुस्तीने मुंडारी खुंटकट्टी हक्काला कायद्यात प्रथमच नावानिशी मान्यता मिळाली. १९०५ मध्ये खुंटी हा स्वतंत्र उपविभाग करण्यात आला, म्हणजे न्यायालय व कचेरी लोकांच्या जवळ आली. अखेर १९०८ मध्ये छोटानागपूर कुळकायदा संमत झाला. खुंटकट्टी जमिनींना त्याने संरक्षण दिले, रयतेच्या जमिनींच्या हस्तांतरणावर निर्बंध घातले आणि सक्तीच्या श्रमांना आळा घातला. पुढील दुरुस्त्यांनी आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यावरील बंधने अधिक स्पष्ट केली.

या कायद्याच्या घडणीत योहान हॉफमन या जर्मन जेझुइट मिशनऱ्याच्या अभ्यासाचा वाटा होता. हॉफमन मुंडारीचे व्याकरणकार आणि कोशकार. त्यांनी मुंडांच्या भूव्यवस्थेवर सरकारसाठी टिपण तयार करण्यात भाग घेतला. १८९९ च्या नाताळात ज्या सरवदा मिशनवर बाण सुटले, तेथेच ते काम करीत होते. भाषेच्या अभ्यासकाने हे प्रकरण विशेष लक्षपूर्वक वाचावे. खुंटकट्टी, सासन, मानकी हे शब्द समजल्याशिवाय त्यांमागील हक्क समजत नाहीत. कोशकाराला शब्द कळले, तेव्हा कायद्याला हक्क दिसू लागला. मात्र त्या आकलनाची किंमत इतरांनी आधीच चुकवली होती.

या कायद्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. एक, जी गावे आधीच मोडली होती ती पूर्ववत झाली नाहीत. उरले होते तेवढेच नोंदले गेले. दोन, कायद्याचे नावच कुळकायदा. गावाचे मूळ धनी त्यात कुळांच्या एका प्रकारात गणले गेले. तीन, वारसा पुरुषांच्या बाजूने चालत असल्याने स्त्रियांचा जमिनीवरील हक्क दुर्बल राहिला. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ च्या निकालात न्यायालयाने स्त्रियांच्या उपजीविकेच्या हक्काला काही संरक्षण दिले. एखादा कायदा ऐतिहासिक असणे आणि परिपूर्ण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४.२.७ दगडाची साक्ष आणि आजचा कायदा

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने अनुसूचित क्षेत्रांतील जमिनीच्या संरक्षणाची तरतूद केली. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना अधिकार दिले. १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसांच्या जयंतीदिनी, झारखंड राज्य अस्तित्वात आले. तरीही प्रश्न संपला नाही. २०१६ मध्ये झारखंड विधानसभेने छोटानागपूर कुळकायद्यात बदल करणारे विधेयक संमत केले. शेतजमिनीचा बिगरशेती वापर त्यामुळे सुकर होणार होता. त्याला तीव्र विरोध झाला आणि २०१७ मध्ये राज्यपालांनी ते परत पाठविले. पुढे ते मागे घेण्यात आले. त्याच सुमारास खुंटी परिसरातील अनेक गावांच्या वेशीवर उंच शिळा उभ्या राहिल्या. पूर्वजांच्या शिळांवर अक्षर नव्हते. या नव्या शिळांवर मात्र राज्यघटनेतील व कायद्यांतील तरतुदी कोरलेल्या होत्या. या ‘पत्थलगडी’वरून ग्रामस्थ आणि प्रशासन यांच्यात संघर्ष झाला, अनेकांवर गुन्हे दाखल झाले आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये नव्या सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय घेतला.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी आपल्या राज्यातील कायद्यांशीही हा धागा जोडून पाहावा. १९७४ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घालण्यात आले. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे हस्तांतरित होण्यावर त्याने निर्बंध आणले. त्यापूर्वी गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे त्याच्या कक्षेत येतात. तरी ज्याच्या नावाचा सातबारा नाही, त्याच्यापुढे पुराव्याची अडचण उभी राहतेच.

या दृष्टीने २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा आहे. त्याखालील २००८ च्या नियमांत दाव्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांची यादी दिली आहे. सरकारी कागदपत्रे तीत आहेतच. शिवाय जमिनीवरील बांधबंदिस्तीसारख्या सुधारणा आणि गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले जबाबही आहेत. आणि प्राचीनतेची साक्ष देणाऱ्या पारंपरिक वास्तूंमध्ये विहिरी, पवित्र स्थळे यांच्याबरोबर दफनभूमीचा स्पष्ट उल्लेख आहे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरात माडिया समाज आपल्या मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतो. अशी स्थळे आता दाव्याच्या कागदांसोबत मांडता येतात. मुंडांनी सासनदिरीच्या आधारे जे सांगितले होते, ते बिरसांच्या मृत्यूनंतर १०८ वर्षांनी देशाच्या कायद्याच्या नियमांत आले.

नियमात आलेली गोष्ट कचेरीत मानली जातेच असे नाही. दावे तपासणाऱ्या पातळीवर आजही सरकारी कागदालाच अधिक वजन दिले जाते, अशी तक्रार होत असते. म्हणून बिरसांचे चरित्र केवळ गौरवासाठी वाचून भागणार नाही. तुमच्यापैकी काही जण उद्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, पत्रकार किंवा वकील होतील. एखादा वृद्ध तुमच्यासमोर येऊन कागदाऐवजी आपल्या आज्याच्या दगडाकडे बोट दाखवील. त्या वेळी तो दगड वाचण्याची तयारी आपल्यापाशी आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

४.३ सारांश

मुंडा समाजाची खुंटकट्टी व्यवस्था कुळाच्या सामाईक मालकीवर आधारलेली होती आणि सासनदिरी हा तिचा पुरावा होता. कंपनी आणि ब्रिटिश सरकार यांच्या महसूलव्यवस्थेने लेखी सनदेलाच पुरावा मानल्याने मूळ वसाहतकार रयत ठरले. चार दशकांची सनदशीर सरदारी लढाई निष्फळ ठरल्यावर बिरसा मुंडा (१८७५–१९००) यांच्या नेतृत्वाखाली उलगुलान घडले. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ चा छोटानागपूर कुळकायदा झाला. त्याने हक्कांना मान्यता व संरक्षण दिले, परंतु त्याच्या मर्यादाही होत्या. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांनी दफनभूमी व वृद्धांचे जबाब यांना पुराव्यात स्थान दिले. हक्क मान्य करणे म्हणजे प्रथम त्या हक्काची भाषा आणि त्याचा पुरावा मान्य करणे, हे या चरित्राचे सार होय.

४.४ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

खुंटकट्टी – जंगल तोडून गाव वसविणाऱ्या कुळाची गावावरील सामाईक मालकी.
सासनदिरी – कुळाच्या मृतांच्या अस्थींवर मांडलेली शिळा.
दिकू – बाहेरून आलेला परका. विशेषतः शोषण करणारा.
बेठबेगारी – सक्तीचे व विनामोबदला श्रम.
मानकी – गावांच्या समूहाचा प्रमुख.
पाहान – गावाचे धार्मिक विधी पाहणारा.
उलगुलान – मोठी खळबळ. बिरसांच्या नेतृत्वाखालील उठाव.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. बिरसांच्या कुटुंबाच्या स्थितीतून तत्कालीन भूव्यवस्थेचे चित्र कसे उभे राहते, ते सविस्तर लिहा.
२. ‘कूळ’ या शब्दाच्या दोन अर्थांच्या आधारे मुंडांचा दावा आणि ब्रिटिश कायदा यांतील विरोध स्पष्ट करा.
३. छोटानागपूर कुळकायदा, १९०८ याचे महत्त्व आणि मर्यादा यांची चर्चा करा.
४. उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीस भेटून गावातील जमिनीच्या, पाणवठ्याच्या किंवा देवराईच्या जुन्या हक्कांविषयी माहिती मिळवा. त्यांनी वापरलेले स्थानिक शब्द जसेच्या तसे नोंदवा आणि त्यांचे अर्थ लिहा.